उन्हाच्या हिशेबातलं वय

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरात एक दुपार अशी येते, की बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच गोळा होते. शून्य सावलीचा हा दिवस. शहर जवळजवळ १९.९ अंश उत्तर अक्षांशावर वसलेलं. वर सरकत आलेला सूर्य त्या दिवशी नेमका आपल्या डोक्यावर येतो. शाळांच्या मैदानांवर मुलं उभ्या नळीची सावली शोधतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून येतो. जुलैच्या उत्तरार्धात सूर्य माघारी फिरताना तोच योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. कातडीच्या दृष्टीने मेमधलाच दिवस खरा.

त्या बारा पंचवीसला शहरात उघड्यावर कोण असतं? बीड बायपासच्या नव्या इमारतींवर स्लॅब पडत असतो आणि पाट्या वाहणाऱ्या बायांची रांग चाललेली असते. जाधववाडीच्या बाजार समितीत हमालांची पोती उतरवणं संपलेलं नसतं. गुंठेवारीच्या वसाहतीत टँकर यायचा असतो, त्यासाठी ड्रम आणि हंडे रस्त्यावर आधीच लागलेले असतात. मध्यवर्ती बसस्थानकातून एसटी बाहेर पडते, तिच्या चालकाचा उजवा हात खिडकीच्या कडेला टेकलेला असतो. जालना रोडच्या सिग्नलला खाण्याची पार्सलं पाठीला बांधलेली पोरं एक पाय टेकवून थांबलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर अतिनील किरणांचा निर्देशांक ११ किंवा त्याहून अधिक झाला की तो सर्वांत तीव्र गटात जातो. आपल्या अक्षांशावर, उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी, हा आकडा सहज गाठला जातो. दिवसभरात जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी निम्म्याहून जास्त किरण मध्यान्हाच्या आगेमागे दोन-दोन तासांत येतात. आपल्या घड्याळात ते साडेदहा ते अडीच. शहराचं कष्टाचं काम नेमकं याच वेळेत चालतं.

‘लवकर म्हातारं दिसणं’ हा विषय आपण सौंदर्याच्या खात्यात टाकून दिला आहे. तो पार्लरचा, क्रीमचा, फार तर त्वचारोगतज्ज्ञाच्या खासगी दवाखान्याचा मानला जातो. मराठवाड्यात तीस-पस्तिशीतल्या बाईला परका माणूस ‘आजी’ म्हणून हाक मारतो, तेव्हा तिचं वय कामाने, पाण्याने, धुराने आणि सावलीच्या अभावाने वाढवलेलं असतं. हे सगळं माणसांनी ठरवलेलं आहे, म्हणून बदलताही येतं. एवढं एकच म्हणणं घेऊन हा लेख लिहिला आहे.

एक साधी तपासणी कुणालाही करता येईल. हात वर करा आणि दंडाच्या आतल्या बाजूची कातडी पाहा. मग त्याच हाताच्या मनगटामागची पाहा. दोन्हींचं जन्मसाल एकच. तरी आतली कातडी मऊ, एका रंगाची, बारीक पोताची आणि बाहेरची रापलेली, ठिपक्यांची, चिमटीत धरली तर हळू मागे जाणारी. शेतात राबणाऱ्या बाईच्या पाठीवर ब्लाऊजच्या गळ्याची रेघ उमटलेली असते. रेघेच्या वर एक वय आणि खाली दुसरं. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मानेमागे कातडी जाड होऊन तिच्यावर आडव्यातिडव्या खोल घड्यांच्या चौकटी पडतात, आणि सदऱ्याच्या कॉलरखाली त्या एकदम थांबतात. नुसत्या वाढत्या वयाने कातडी पातळ होते, कोरडी होते, बारीक सुरकुतते. जाड, चामट, डागाळलेली कातडी ही उन्हाची करणी.

हे घडतं कसं, तेही सांगायला हवं, कारण उपाय त्यातूनच निघतात. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. ‘बी’ किरण कातडीच्या वरच्या थरात अडतात. भाजणं, लाल होणं, साल निघणं त्यांच्यामुळे. ‘ए’ किरण भाजत नाहीत, म्हणून जाणवत नाहीत. पण जमिनीवर येणाऱ्या अतिनीलपैकी सुमारे ९५ टक्के तेच असतात आणि ते खालच्या थरापर्यंत उतरतात. तिथे कोलॅजनच्या दोऱ्या असतात, कातडी ताठ राहते ती त्यांच्यावर; आणि इलॅस्टिन असतं, ज्याच्यामुळे ती ताणली तरी जागेवर येते. ऊन लागलं की पेशी अशी विकरं सोडतात, जी कोलॅजन कापतात. दुरुस्ती होते, पण पूर्ण होत नाही. रोज थोडी कसर राहते. पंधरा-वीस वर्षं ती साठत गेली की कपाळावरची घडी हसणं थांबल्यावरही जात नाही.

‘ए’ किरणांचं आणखी एक लक्षण म्हणजे ते साध्या काचेतून आत येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं आणि जगभर गाजलं. वय ६९, त्यातली २८ वर्षं ट्रकवर गेलेली. चेहऱ्याची डावी बाजू लोंबलेली, जाड सुरकुत्यांनी भरलेली. उजवी मात्र कितीतरी तरुण. तिकडे चालक डावीकडे बसतो, खिडकीतलं ऊन डाव्या गालावर येतं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. वर्षानुवर्षं एसटी चालवलेल्या माणसाचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहा, उजवा वेगळा दिसेल. मोटारीची पुढची काच दोन थरांत पातळ पडदा घालून बनवतात, ती बरेचसे ‘ए’ किरण अडवते. बाजूची काच बहुधा अडवत नाही. त्यामुळे एसी गाडीत काच वर करून बसलो म्हणजे उन्हापासून सुटलो, हा समज खोटा आहे. काचेमुळे ऊन लागल्याचं कळत नाही, एवढंच.

‘आपण सावळे, आपल्याला ऊन काय करणार?’ हे वाक्य शहरात जितकं ऐकू येतं तितकंच खेड्यातही. त्यात अर्धं सत्य आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन खरोखर रक्षण करतं, त्यामुळे गोऱ्या युरोपीय माणसाला तिशीत पडणाऱ्या बारीक सुरकुत्या आपल्याला उशिरा पडतात. पण आपल्याकडे उन्हाचं वय रंगात दिसतं. गालाच्या हाडांवर, कपाळावर, वरच्या ओठावर वांग चढतो; डोळ्यांखाली आणि तोंडाभोवती काळवंडतं; चेहरा एकसारखा राहत नाही. बाळंतपण, संप्रेरकं आणि घराण्याचा कल यांनी वांगाची जमीन तयार होते, पण त्याला खतपाणी घालतं ते ऊन. सावळ्या कातडीवर तर अतिनीलच नव्हे, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही डाग गडद करतो. म्हणून वांग असलेल्यांना डॉक्टर रंगीत, लोहऑक्साईड घातलेलं सनस्क्रीन सांगतात. मोबाईलच्या निळ्या प्रकाशाने चेहरा म्हातारा होतो, अशा जाहिराती अलीकडे खूप दिसतात. दुपारच्या उन्हापुढे तो प्रकाश नगण्य आहे. ज्याला बारा ते तीन बाहेर काढायचे आहेत त्याने मोबाईलच्या काळजीवर पैसे घालू नयेत.

मराठवाड्यातल्या बायांनी या उन्हावर स्वतःचा तोडगा फार पूर्वीच काढला आहे आणि तो विज्ञानाच्या कसोटीला उतरतो. कापूस वेचायला निघालेली बाई साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, बटणं मनगटापर्यंत लावते आणि डोक्याला टापर बांधते. टापर कान, गाल, हनुवटी झाकून मागे गाठीत जातो. दाट विणीचं, गडद रंगाचं, सैल कापड किरण चांगलं अडवतं. पांढरा, पातळ, घामाने ओला झालेला सुती कपडा त्या मानाने फार कमी अडवतो, हे पांढऱ्या सदऱ्यातल्या पुरुषांनी ध्यानात घ्यावं. शहरातल्या मुली स्कूटीवर निघताना डोक्यापासून स्टोल गुंडाळतात, कोपरापर्यंत हातमोजे चढवतात, अंगावर सनकोट घालतात. यावर टिंगल करणारे पुष्कळ आहेत. मुलींनी ती मनावर घेऊ नये, फक्त स्टोल शिफॉनचा असेल तर दुहेरी घ्यावा. पुरुषांचं कापड मात्र कमी होत चाललं आहे. पटका गेला, उपरणं गेलं, आता डोक्यावर पुढे छज्जा असलेली एक टोपी. ती कपाळ वाचवते, कान आणि मान उघडी टाकते.

उन्हाइतका नाही, पण धुराचाही वाटा आहे. जर्मनीतल्या रूर या कारखान्यांच्या पट्ट्यात सत्तरी ओलांडलेल्या ४०० स्त्रियांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वाहनांच्या काजळीचं प्रमाण जिथे जास्त, तिथे कपाळावर आणि गालांवर डाग सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळले. आपलं शहर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या त्या यादीत आहे, ज्यात हवेची ठरवलेली पातळी न राखणारी शहरं घेतली आहेत. २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोला तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला, डेपो बंद झाला आणि कित्येक महिने कचरा गल्लोगल्ली साठला. ठिकठिकाणी तो पेटवला गेला. जळत्या प्लास्टिकचा वास अंगाला घेऊन शाळेत गेलेली तेव्हाची मुलं आज कॉलेजात आहेत. त्या वर्षात त्यांच्या फुप्फुसांना आणि कातडीला काय मिळालं याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि मला याची खंत वाटते.

घरातला धूर याहून जवळचा. चीनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावरच्या घड्या ५ ते ८ टक्के खोल आढळल्या, आणि हाताच्या पाठीवर बारीक सुरकुत्या असण्याची शक्यता ७४ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडे घरी गॅस आला तरी भाकरी पुष्कळ ठिकाणी चुलीवरच होते, कारण सिलिंडर महिनाभर पुरवायचं असतं. भाकरी थापून तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची आणि मग तवा उतरवून आरावर उभी धरून फुगवायची. या शेवटच्या पायरीला बाईचा चेहरा आरापासून हातभर अंतरावर असतो. धुराबरोबर धगही लागते, आणि नुसत्या धगीनेही, वर्षानुवर्षं लागली तर, कातडीतली दोऱ्यांची वीण बिघडते.

तंबाखूबद्दल बोलताना लोकांना सिगारेट आठवते. धूम्रपानाने ओठांभोवती उभ्या रेघा पडतात, गाल बसतात, रंग राखाडी होतो, हे खरं. पण महाराष्ट्राचं दुखणं निराळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. यात मळलेली तंबाखू आली, गुटखा आला, आणि बायांची मिश्रीही आली. जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली; पुड्या अजून रस्त्यात सापडतात.

गुटख्यातल्या सुपारीने जे होतं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत क्रूर वाटतं. ऊन बाहेरून कोलॅजन तोडतं. सुपारीतलं अरेकोलिन तोंडाच्या आतल्या अस्तरात तेच कोलॅजन बेसुमार साठवतं. अस्तर पांढुरकं, कडक होतं. तिखट लागलं की आग होते, मग तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. या आजारात दोन, मग एक. घास लहान होतो, जेवण कमी होतं, गालाची चरबी जाते आणि गाल आत ओढले जातात. बावीस-पंचविशीतला मुलगा समोर बसतो आणि वाटतं, चाळिशी उलटलीय. शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असे चेहरे नवे नाहीत. हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो, म्हणून म्हातारं दिसणं ही इथे शोभेची तक्रार नसून पहिली खूण असते. आईने किंवा वर्गशिक्षकांनी पोराला ‘तीन बोटं घालून दाखव’ म्हटलं, तरी ती वेळेवर हाती लागेल.

आता ऊसतोडीकडे येतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पैठण तालुक्यातून, शेजारच्या बीडमधून, जालन्यातून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर पोरं. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात शिरायचं, उसाच्या पात्यांनी हात-गाल कापून घेत तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. खाडा झाला की दंड. पाळीत खाडा होतो, अंगावरून जातं तरी खाडा होतो. २०१९ मध्ये बीडमधल्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. यातल्या कित्येकींची चाळिशीही उलटलेली नव्हती.

याचा कातडीशी संबंध सरळ आहे आणि तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कोलॅजन टिकवतं. नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर ही घसरण एका रात्रीत सुरू होते, मग वय तीस असो की बत्तीस. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. हाडं ठिसूळ होतात, अंगात वाफा येतात, झोप जाते, आणि कातडी पातळ, कोरडी, ओघळलेली होते. त्यावर पुन्हा फडातलं ऊन. त्यातच राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने पीडित आहेत, असं पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. रक्त नाही, प्रथिनं नाहीत, संप्रेरक नाही, सावली नाही. अशा बाईचा चेहरा पंचेचाळिशीत कसा दिसेल हे सांगायला त्वचेच्या डॉक्टरची गरज नाही. तिच्या हाती गुलाबपाण्याचा आणि हळद-बेसनाचा सल्ला ठेवणाऱ्या पुरवण्या वाचून मला राग येतो.

शहरातला पाण्याचा प्रश्न सगळ्यांना पाठ आहे. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर पैठणला, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. २०१९ मध्ये १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली. तोवरही आणि त्यानंतरही बोअर आणि टँकर हेच कित्येक वस्त्यांचे आधार. जास्त पाणी प्यायल्याने सुरकुत्या जातात, याला भक्कम पुरावा नाही, पण वापरायच्या पाण्याचा परिणाम होतो. बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी पुष्कळदा जड असतं. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण जास्त घासला जातो, त्याची साय कातडीवर राहते आणि कातडी तडतडते. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा अशी कातडी आणखी कोरडी पडते. उपाय स्वस्त आहे: साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरता ठेवावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन लावावं. पण पाण्याच्या टंचाईने कातडीचं खरं नुकसान होतं ते वाट पाहण्यात. टँकरला वेळ नसते; तो बाराला येतो, दोनला येतो, आणि तोवर रांग सोडता येत नाही.

आता मेडिकलच्या काउंटरवर. वांग चढलेला, रापलेला चेहरा घेऊन मुलगी दुकानात जाते आणि ‘डाग जायची क्रीम द्या’ म्हणते. चिठ्ठी मागितली जात नाही. अनेकदा जी ट्यूब हाती येते तिच्यात तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि स्टेरॉईड. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी हे तीन घटक एकत्र आणले. डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक आठवड्यांपुरतं, फक्त डागावर लावायचं ते औषध आहे. आपल्याकडे ते गोरं होण्याची क्रीम म्हणून सगळ्या तोंडाला, वर्षानुवर्षं, कोल्ड क्रीमसारखं लागतं.

पहिले पंधरा-वीस दिवस चेहरा उजळतो, मैत्रिणी नाव विचारतात, ट्यूब घरोघर जाते. मग उन्हात गेलं की आग व्हायला लागते. गालावर बारीक लाल शिरा दिसू लागतात. मुरमं येतात, हनुवटीवर लव वाढते. कातडी इतकी पातळ होते की टॉवेलाने जोरात पुसलं तरी ओरखडा उठतो. क्रीम सोडावी तर दोन दिवसांत तोंड लाल होऊन सुजतं, म्हणून पुन्हा लावली जाते. कोलकात्याच्या डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, ‘स्टेरॉईडने बिघडलेला चेहरा’. २०१८ मध्ये केंद्राने लावायची अनेक स्टेरॉईड मलमं ‘अनुसूची एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा झालं. काउंटरवर हा कायदा अजून पोचायचा आहे. ऊन वीस वर्षांत करतं ते ही ट्यूब दोन वर्षांत करते, आणि घेणाऱ्या मुलीला वाटत असतं की आपण तरुण दिसण्यासाठी पैसे खर्च करतोय.

बिननावाच्या, बिनलेबलच्या डब्यांचं तर विचारूच नये. पार्लरमध्ये घरगुती म्हणून मिळालेली क्रीम वापरून अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली. पारा मेलॅनिन बनू देत नाही म्हणून चेहरा उजळतो, आणि कातडीतून रक्तात उतरतो. लेबलवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक नसतील तर ती डबी घरात ठेवू नये, कुणी कितीही जवळच्या माणसाने दिलेली असली तरी.

मग सनस्क्रीन? काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग चालला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या हाताच्या पाठीवर, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा, कातडी म्हातारी होणं २४ टक्क्यांनी कमी दिसलं. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. पण मात्रा लागते. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतकं, म्हणजे साधारण ग्रॅमभर, आणि घाम येणाऱ्याने दोन-तीन तासांनी पुन्हा. दिवसातून दोनदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिना टिकत नाही. बऱ्यापैकी ट्यूब चारशे-पाचशे रुपयांना पडते. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. ज्यांना ट्यूब सर्वांत जास्त लागते त्यांनी दर महिन्याला दीड दिवसाची मजुरी तोंडाला लावावी, असं सांगायला माझी जीभ वळत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर लावावं, एसपीएफ ३० च्या खालचं घेऊ नये. बाकीच्यांसाठी कापड आणि सावली हेच औषध आहे, आणि ते कमी प्रतीचं नाही.

सिडको, निराला बाजार, जालना रोड या भागांत आता लेझर आणि बोटॉक्सचे दवाखाने आहेत, तिथली कामं चांगलीही होतात. घाटीच्या, म्हणजे शासकीय रुग्णालयाच्या, त्वचारोग विभागातली रांग मात्र खाज, नायटा, गजकर्ण, कुष्ठ, कोड यांची. ‘मी लवकर म्हातारी दिसतेय’ ही तक्रार घेऊन त्या रांगेत कुणी उभं राहत नाही. खाडा करून येण्याइतकी ती मोठी वाटत नाही. म्हणून या प्रश्नाची नोंद सरकारी कागदावर होत नाही. उष्णतेच्या कृती आराखड्यातही उष्माघात असतो, ओआरएस असतं. दरवर्षी, दर दुपारी, थोडीथोडी झिजणारी कातडी त्यात नसते.

सावली कायद्यात मात्र आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी आणि विश्रांतीसाठी सावली असावी, असं लिहिलं गेलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या पिढीने रोजगार हमी या राज्यात रुजवली, तिथून हे आलं. सावली कशी करतात हेही जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडला की भाव उतरतो, म्हणून बागेवर कापडाचं आच्छादन चढतं. रोपवाटिकेवर आणि बियाण्याच्या प्लॉटवर हिरवी शेडनेट असते, तिला अनुदान मिळतं, आणि ती ताणून बांधायला रोजंदारीवर ज्या बाया येतात त्या दिवसभर उघड्यावर असतात. हीच जाळी मजुरांच्या अड्ड्यावर, टँकरच्या थांब्यावर, सिग्नलला आणि उसाच्या फडाच्या बांधावर चार बांबूंवर बांधता येते. टँकरची वेळ सकाळी नऊच्या आत आणता येते. स्लॅबचं काम पहाटे सहाला सुरू करून अकराला थांबवता येतं आणि उरलेलं चारनंतर घेता येतं. मुकादम-ठेकेदारांना ते जमतं, फक्त मजुरी कापायची नाही असं आधी ठरावं लागतं. महापालिका, बाजार समिती आणि साखर कारखाने यांच्या हातात दिवाळीपासून एप्रिलपर्यंत पाच महिने आहेत.